बिनशिंगांचा व्हायकिंग

व्हायकिंग लोकांवर माझ्या आतोबांनी जितकी माया केली, तितकी खुद्द व्हायकिंगांच्या बायकांनीही केली नसेल. व्हायकिंग म्हणजे हजारेक वर्षांपूर्वी उत्तर युरोपातल्या गारठलेल्या समुद्रात लांबट होड्या घेऊन हिंडणारे, व्यापार करणारे आणि जमलंच तर दरोडेही घालणारे दर्यावर्दी. त्यांचा आणि मुलुंड पूर्वेच्या एका चारमजली सोसायटीत राहणाऱ्या, विक्रोळीच्या रंगाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळणाऱ्या, संकष्टीला मोदक आणि बाकी दिवशी बांगडा खाणाऱ्या गृहस्थांचा संबंध काय, असं कोणीही विचारील. आम्ही नातेवाईक तर कैक वर्षं विचारत होतो. संबंध जुळला तो एका कॅलेंडरामुळे. कारखान्याला यंत्रं पुरवणाऱ्या कुठल्याशा परदेशी कंपनीने ते पाठवलं होतं, आणि त्याच्या एका पानावर व्हायकिंगांच्या होडीचं चित्र होतं. साहेबाने नको म्हणून टाकलेलं ते कॅलेंडर आतोबांनी घरी आणलं, होडीचं पान उघडून खिळ्याला टांगलं, आणि त्या दिवसापासून आत्याच्या घरात तोच महिना चालू राहिला. कोणी घरी आलं, की चहाच्या आधी होडी दाखवायची. "बघ, फळीवर फळी चढवलीय. खिळा आतून वळवलाय. हा सुतार आमच्याकडच्या सुताराचा कोणीतरी लागतो बघ." पाहुणा चहाच्या आशेने मान डोलवायचा.

पण आतोबांचं प्रेम होडीवर जितकं होतं, त्याहून जास्त त्या होडीच्या म्होरक्यावर होतं. त्या म्होरक्याला त्यांनी हाल्वर असं नावही ठेवलं होतं. आत्या पापलेटाच्या जातभाईवरून त्याला 'तुमचा हलवा' म्हणायची आणि आतोबा ते मनाला लावून घ्यायचे. त्यांचं म्हणणं असं, की या म्होरक्याची जगाने नुसती बदनामी चालवलीय. पुस्तकवाले, सिनेमावाले, सगळे मिळून त्याला बोंबलायला लावतात. दाढी पिंजारलेली, डोळे लाल, हातात कुऱ्हाड, आणि होडीच्या टोकावर उभा राहून आरोळ्या. "अरे, जो माणूस होडीच्या टोकावर उभा राहून ओरडतो, तो होडी चालवतो कधी? तांडेल मागे बसतो, सुकाणूपाशी. आणि गप्प बसतो." तांडेल म्हणजे गलबताचा प्रमुख. हा शब्द आतोबांच्या तोंडी दिवसातून दहादा यायचा, कारण त्यांचे वडील तांडेल होते.

मुलुंडात स्टेशनजवळ एक खाजगी वाचनालय होतं. तिथली समुद्रावरची झाडून सगळी पुस्तकं आतोबांनी वाचली, आणि नुसती वाचली नाहीत तर तपासली. समासात बारीक पेन्सिलीने शेरे. चाळीस पानांची लढाई संपली की खाली लिहिलेलं: 'वारा कुठून होता?' नायकाने सात दिवस सात रात्री पाठलाग केला, की बाजूला: 'प्यायचं पाणी किती पिंपं?' एका कादंबरीत म्होरक्या आपल्या माणसांना म्हणतो की आता विजय किंवा मरण, त्याच्या शेजारी आतोबांनी लिहिलं होतं: 'याला पोरंबाळं नाहीत काय?' वाचनालयाच्या मालकाने आधी कुरकूर केली, पण पुढेपुढे लोक ती पुस्तकं आतोबांच्या शेऱ्यांसाठीच मागायला लागले, तेव्हा तो स्वतःच त्यांना पेन्सिलीला टोक करून द्यायला लागला.

त्या दिवसांत सोसायट्यांमध्ये भाड्याने व्हिडिओ आणायची टूम होती. एका शनिवारी कोणीतरी व्हायकिंगांचा सिनेमा आणला. खाली पार्किंगच्या जागेत टीव्ही ठेवलेला, चटयांवर चार मजले मांडी घालून बसलेले. पहिल्या पाच मिनिटांत आतोबा उठून उभे राहिले. "थांबव, थांबव!" व्हिडिओवाल्याला वाटलं शॉर्ट सर्किट झालं, त्याने घाबरून चित्र थांबवलं. आतोबा टीव्हीपाशी गेले आणि काचेवर बोट ठेवून म्हणाले, "हे शीड बघा. पुढे फुगलंय. म्हणजे वारा मागून. मग या माणसाचे केस मागे कसे उडतायत? केसांना वेगळा वारा आहे काय?" सगळी सोसायटी केसांकडे बघत राहिली. खरंच होतं ते. पण खरं बोलणाऱ्या माणसाला कोण विचारतो, आणि तेही व्हिडिओ चालू असताना! "काका, वाट लावलीत यार पिक्चरची," असं मागून कोणीतरी म्हणालं. आतोबांनी पुढचा सिनेमा शिस्तीत बसून पाहिला, फक्त म्होरक्याने शिंगांचं शिरस्त्राण घातलं तेव्हा त्यांच्या तोंडून एक बारीक कण्हणं बाहेर पडलं. शिंगांचं तर त्यांना वावडंच होतं. त्यांनी कुठल्याशा इंग्रजी ग्रंथात शब्दकोश जवळ घेऊन वाचलं होतं की व्हायकिंगांनी लढाईला शिंगं कधी घातलीच नाहीत. पण ग्रंथाचीही त्यांना गरज नव्हती. "शिंगं घालून माणूस शिडाखालून जाईल कसा? दोरात अडकून आधीच मरेल," एवढा पुरावा त्यांना पुरत होता.

मी तेव्हा पंचविशीतला, घाटकोपरला राहणारा आणि कॉलेजच्या नाट्यस्पर्धेत एकदा उत्तेजनार्थ बक्षीस मिळाल्यामुळे स्वतःला नट समजणारा होतो. आतोबांची थट्टा करणं हा माझा रविवारचा धंदा. एकदा त्यांना मुद्दाम घाटकोपरच्या एका व्हिडिओ गेमच्या दुकानात घेऊन गेलो, कारण तिथे व्हायकिंगांचा खेळ आलेला होता. लाकडी पेटीत काच, काचेत निळा समुद्र, त्यात चौकोनी ठिपक्यांची होडी आणि तिच्या टोकावर शिंगंवाला म्होरक्या. पुढून शत्रूंच्या होड्या येणार, आपण कुऱ्हाडी फेकायच्या. आतोबांनी चष्मा सारखा केला, दांडा हातात घेतला आणि होडी मागे वळवायला लागले. होडी वळेना. शत्रू आले, होडी बुडाली. पुन्हा नाणं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बुडाल्यावर त्यांनी मालकाला बोलावलं. मालक म्हणाला, "अंकल, ये पीछे नहीं जाता. आगे जाओ और मरो." "पण मग घरी कसं जायचं?" आतोबांनी विचारलं. "घर किधर है इसमें? मरने के बाद ही गेम पूरा होता है." आतोबांनी दांडा सोडला. बाहेर आल्यावर म्हणाले, "बघितलंस? ज्याने केलं त्याने समुद्रच केला, किनारा केलाच नाही."

किनाऱ्याची ओढ हा आतोबांचा सगळ्यात मोठा दोष, असं आमच्या घराण्यात मानलं जायचं. त्यांच्याबरोबर निघालेला माणूस परत येतो हे नक्की, पोचतोच असं नाही. माथेरानला जायला म्हणून आम्ही अकराजण निघालो, आणि ठाण्याला आत्येभावाचं अंग जरा कोमट लागलं म्हणून अकराच्या अकराजण डबे घेऊन परत आलो. लोणावळ्याहून आम्ही दोनदा लोणावळा न बघता परतलोय. आणि परतल्यावर मोजदाद. दारात उभं राहून, आत शिरणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवून आतोबा मोजायचे: "लाभ, दोन, तीन..." आपल्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. आतोबांच्या वडिलांनी ती रीत माणसांना लावली होती. गलबत किनाऱ्याला लागलं की खलाशी एकेक करून उतरणार, तांडेल सगळ्यांत शेवटी, आणि उतरणाऱ्या पहिल्या माणसाला लाभ. घरातली एवढी लग्नं झाली, पण हॉलमधून निघताना पाठीवर आतोबांचा हात पडल्याशिवाय बसमध्ये कोणाचा पाय पडला नाही. वऱ्हाड हसायचं. मुलीकडच्यांना वाटायचं, कसला तरी कुळाचार असेल.

त्या वडिलांची गोष्ट आमच्यात सगळ्यांना ठाऊक होती, पण आतोबांसमोर कोणी काढत नसे. देवगडच्या बाजूला खाडीकाठी त्यांचं गाव. वडील एका सावकाराच्या गलबतावर तांडेल. मे महिन्याच्या शेवटी मंगळुरी कौलं भरून तीन गलबतं मुंबईला निघाली. वाटेत आभाळ फिरलं. दोन गलबतं तशीच पुढे गेली. आतोबांच्या वडिलांनी कौलं समुद्रात टाकायला लावली, गलबत वळवलं आणि आठ माणसं घेऊन गावाला परतले. आता पुढे गेलेली दोन गलबतं बुडाली असती तर गावाने त्यांची पूजा केली असती. पण ती सुखरूप मुंबईला पोचली. मग काय, मालकाने यांना गलबतावरून उतरवलं, गावाने भित्रा म्हणून नाव ठेवलं, आणि पुढची वीस वर्षं तो माणूस पडवीत बसून काथ्याचे दोर वळत राहिला. आतोबा तेव्हा दहा वर्षांचे होते. आपल्या वडिलांसाठी एकदा तरी कोणीतरी टाळी वाजवावी, एवढीच त्यांची इच्छा होती. वडील वारले होते, गाव लांब होतं, आणि तसल्या माणसावर कोणी सिनेमा काढत नाही. म्हणून त्यांना हाल्वर सापडला होता. जगातल्या एका तरी म्होरक्याने शूर असून परत फिरावं आणि लोकांनी त्याला वाहवा म्हणावं, यासाठी त्यांची ही सगळी धडपड चालली होती. हे मला समजत नव्हतं असं मी म्हणणार नाही. समजत होतं, आणि तरी मी पुढे जे केलं ते केलं.

सोसायटीत दर सव्वीस जानेवारीला सत्यनारायण आणि संध्याकाळी कार्यक्रम असायचा. पूजेतही आतोबा एकदा भटजींना नडले होते. साधुवाण्याची नौका बुडाल्याचा अध्याय चालू असताना त्यांनी मध्येच विचारलं, "गुरुजी, नौकेवर खलाशी किती होते?" गुरुजी म्हणाले, "पोथीत नाही." "प्रसाद वाण्याच्या मुलीने घेतला नाही, मग खलाशांचा काय दोष?" गुरुजींनी घाईघाईने शंख वाजवला. तर अशा या सोसायटीच्या कमिटीने त्या वर्षी, नेहमीच्या रेकॉर्ड डान्सला कंटाळून, आतोबांना नाटक लिहायला सांगितलं. आतोबांनी अकरा महिने ते लिहिलं. नाटकात हाल्वर आठ वल्हेकरी घेऊन एका श्रीमंत बेटाच्या लुटीला निघतो. निघताना समुद्राला नारळ देतो. मी म्हटलं, "आतोबा, त्यांच्याकडे नारळ होता कुठे?" ते म्हणाले, "नसेल. म्हणून काय समुद्राला रिकाम्या हाताने सामोरं जायचं?" मग वाटेत आभाळ फिरतं, हाल्वर होडी वळवतो, आणि शेवटच्या प्रवेशात किनाऱ्यावर माणसं मोजून उतरवतो आणि वाळूत बसतो. पडदा. ना लढाई, ना आरोळी. हाल्वरचं काम माझ्याकडे होतं, आणि त्यात मला एकूण एकवीस वाक्यं होती.

तालमी गच्चीवर चालल्या. वल्हेकरी म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे पोस्टमन, टेलिफोन खात्यातले दोघे, एक ड्रॉइंगमास्तर आणि असेच बाकीचे. आतोबांनी महिनाभर त्यांना गच्चीच्या कठड्यापाशी बसवून वल्हं मारायला शिकवलं, पोस्टमनच्या दंडांत गोळे आले. कपडे भाड्याने आणले, तेव्हा घात झाला. कपडेवाल्याकडे व्हायकिंगाचं असं काही नव्हतंच. त्याने महिषासुराचं शिरस्त्राण दिलं, चांगली हातभर शिंगं असलेलं. आतोबा म्हणाले, परत पाठवा. कमिटीचे सेक्रेटरी म्हणाले, "अहो, शिंगं नसली तर लोकांना कळणार कसं हा व्हायकिंग आहे ते? सोसायटीचा सेक्रेटरी वाटेल ना तो!" शेवटी आतोबांनीच तोड काढली. शिरस्त्राण होडीत तळाशी पडलेलं दिसेल, आणि वादळात वल्हेकरी त्याने पाणी उपसतील. सेक्रेटरी खूश, आतोबाही खूश. असं शिंगांचं अपमानास्पद पुनर्वसन दुसऱ्या कोणाला सुचलं नसतं.

सव्वीस तारखेला संध्याकाळी, शिऱ्याचा प्रसाद पोटात घेऊन तीनेकशे माणसं खुर्च्यांवर बसली. दोन खाटा आणि प्लायवूड यांची होडी डौलदार दिसत होती. आतोबा विंगेत वही घेऊन प्रॉम्प्टिंगला. नारळाच्या प्रवेशाला टाळ्या पडल्या, कारण नारळ खरा होता. मग वल्ही सुरू झाली. खरं सांगतो, इतकी शिस्तीत मारलेली वल्ही रंगभूमीवर कोणी बघितली नसतील. पण प्रेक्षक वल्ही किती वेळ बघणार? दहा मिनिटांत चुळबुळ, पंधराव्या मिनिटाला शिटी, आणि मग मागून आवाज: "ए, फायटिंग कधी आहे रे?" दुसरा म्हणाला, "बोट पार्क कर की!" हशा झाला. माझं वाक्य होतं, "वल्ही उलटी मारा. घरी जायचं." मी तोंड उघडलं. विंगेतून आतोबांनी हलकेच तेच वाक्य सांगितलं, मला ते नीट ऐकू आलं. पण ते वाक्य म्हटलं असतं तर ते तीनशे लोक मला हसले असते. भित्रा दिसण्याची मला भीती वाटली. मी खाली वाकलो, पाणी उपसायचं ते शिरस्त्राण उचलून डोक्यावर घातलं, तलवार उपसली आणि होडीच्या टोकावर उभा राहून जीव खाऊन ओरडलो, "हर हर महादेव!"

पुढचं काय सांगू? सोसायटी उठून उभी राहिली. शिट्ट्या, टाळ्या, खुर्च्यांचे आवाज. वल्हेकऱ्यांना लढायचं कोणाशी ते ठाऊक नव्हतं, कारण नाटकात शत्रूच नव्हता, म्हणून ते आपापसांतच लढले. ड्रॉइंगमास्तरांनी टेलिफोन खात्याला वल्ह्याने हाणलं, प्लायवूड फाटलं, खाट मोडली, एक शिंग झालरीत अडकलं आणि कोणीतरी सुज्ञपणे पडदा पाडला. टाळ्या थांबेनात. सेक्रेटरींनी मला स्टेजवरच स्टीलचा डबा बक्षीस दिला. शेवटचा प्रवेश झालाच नाही, आणि तो राहून गेलाय हे तीनशे माणसांत कोणाला कळलंही नाही. मी घामाघूम होऊन विंगेत गेलो, तेव्हा आतोबांनी वही मिटून काखेत धरली होती. मला वाटलं, आता शिव्या बसणार. बसल्या असत्या तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "आवाज मस्त गेला हो तुझा. पार शेवटच्या रांगेपर्यंत." आणि मग मोडलेल्या होडीपाशी जाऊन, विव्हळत उठणाऱ्या एकेका वल्हेकऱ्याच्या पाठीवर हात ठेवत मोजायला लागले. आठही होते. पोस्टमनच्या अंगठ्यातून रक्त येत होतं, त्याला ते स्वतः वर घरी घेऊन गेले आणि हळद लावली.

त्यानंतर आतोबा व्हायकिंगांबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मी रविवारी गेलो की भाजीबद्दल बोलत, युनियनबद्दल बोलत, चक्क क्रिकेटबद्दल बोलत, ज्यात त्यांना शून्य गती होती. एकदा बघतो तर भिंतीवर चालू महिन्याचं, किराणा दुकानाने दिलेलं कॅलेंडर. आत्या स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, "तुझ्यावर रागावले नाहीत रे ते. रागावले असते तर मी समजूत काढली असती." मला त्या स्टीलच्या डब्याची इतकी शरम वाटायला लागली, की त्यात माझ्या आईने पोहे भरले तर मी पोहे खायचे सोडले.

मे महिन्यात आतोबांची आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गावाहून आली. पंचाहत्तरीची, काटक, बोलायला फटकळ. पण नवऱ्याच्या गलबताबद्दल तिने आयुष्यात कधी बरं ना वाईट, काही बोललेलं कोणी ऐकलं नव्हतं. आतोबांनीही कधी विचारलं नव्हतं. ऑपरेशन होऊन ती डोळ्यावर हिरवं झापड लावून पलंगावर बसलेली असताना, एका रविवारी सकाळी मी मुलुंडला गेलो. रात्रभर मनाशी ठरवून गेलो होतो. म्हटलं, "आतोबा, शेवटचा प्रवेश राहिलाय. आज करू या." ते म्हणाले, "राहू दे रे. झालं ते झालं." मी म्हटलं, "मला करायचाय." आत्या पोळ्या लाटत होती, ती आतूनच म्हणाली, "अहो, करू द्या की त्याला. वही कपाटात खालच्या खणात आहे." वही फेकलेली नव्हती, एवढ्यावरून मी काय ते समजलो.

दाढी नाही, तलवार नाही, पट्ट्यापट्ट्यांचा बुशशर्ट घातलेला हाल्वर गॅलरीच्या उंबऱ्यावर उभा राहिला. गॅलरी ही होडी, खोली हा किनारा. वल्हेकरी आणायचे कुठून? आतोबांनी लुंगी सावरली आणि म्हणाले, "मीच बनतो." गॅलरीतून ते माझ्या हाताखालून खोलीत उतरले. मी पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "लाभ." खोलीतून ते स्वयंपाकघरात गेले, तिथल्या दुसऱ्या दाराने पुन्हा गॅलरीत आले आणि परत माझ्या हाताखालून. "दोन." आत्या लाटणं हातात धरून त्यांना वाट देत होती. चौथ्या फेरीला त्यांना धाप लागली, सहाव्या फेरीला आत्याला हसू आवरेना, आणि मलाही. पण वळून बघितलं, तर पलंगावर म्हातारी ताठ बसली होती आणि तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. "सात." "आठ." आठवा वल्हेकरी उतरून स्वयंपाकघराच्या दाराला टेकला. मग मी शेवटी उतरलो, आणि वहीत लिहिलं होतं त्याप्रमाणे, काही न बोलता जमिनीवर बसलो.

म्हातारीने झापड जरा वर केलं आणि माझ्याकडे बघितलं. एरवी ती मला अरे-तुरे करायची, आता अहो-जाहो करायला लागली.

"बरा केलास," ती म्हणाली. "सगळ्यांका घेवन परत इलास, बरा केलास. तेवा गाव बोललो, आणि मी गप रवलंय. तुमका येक शब्द बोलूक नाय. माका पण लाज वाटली होती." तिने पदर सारखा केला. मग म्हणाली, "दमलास आसशात. पेज घेतास मा?"

त्याचं उत्तर हे माझं वाक्यच नव्हतं. मी दाराकडे बघितलं. आतोबा धापा टाकत उभे होते, आणि त्यांनी लुंगीच्या सोग्याने चष्मा पुसायला घेतला होता, तो पुसून संपतच नव्हता. आयुष्यात मला त्यानंतरही टाळ्या मिळाल्या, पण त्या दिवशी त्या खोलीत जे मिळालं ते माझं नव्हतं, आणि तरी मला इतकं कधीच मिळालं नाही. आत्याने पोळ्यांची कणीक झाकून ठेवली आणि तांदूळ धुवायला घेतले.

दुपारी आम्ही चौघांनी पेज आणि सुक्या बांगड्याची चटणी खाल्ली. म्हातारीला नीट दिसत नव्हतं, पण वाढायचं तिनेच, असा तिचा हट्ट. पहिली वाटी तिने आतोबांपुढे ठेवली. त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलून प्यायली आणि लहान मुलासारखी पुन्हा पुढे केली. "आये, आजून वाढ," ते म्हणाले, आणि ती वाढत राहिली.

म्हातारी पुढे दोन वर्षांनी गेली. कमिटीने आतोबांना पुन्हा नाटक लिहायला सांगितलं, मी तर कितीदा गळ घातली. म्हटलं, आतोबा, आता शिंगं नाहीत, आरोळ्या नाहीत, तुम्ही सांगाल तसं करतो, लोक हसले तर हसू देत. ते माझ्या पाठीवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "अरे, प्रयोग झाला ना आपला."